‘घरच्या व्यायामाने काही होत नाही’: पालकांच्या गटांवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

नागपुरातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. किशोरवयीन मुलांनी घरी व्यायाम करण्यात अर्थ नाही, असे त्यात ठासून सांगितले असून त्यासाठी पाच कारणे दिली आहेत: सलग तासभर मैदानावर किंवा जिममध्ये घाम गाळला नाही तर उपयोग शून्य; जोर-बैठकांनी उंची खुंटते; पाळी सुरू झालेल्या मुलींनी दोरीवरच्या उड्या मारल्यास गर्भाशय सरकते; आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्यायाम म्हणजे उष्माघाताला निमंत्रण; आणि आळशी मुले धाकाशिवाय हलत नाहीत. माझ्या शाळेतील पालकांनी हा संदेश मला पाठवून ‘मॅडम, हे खरे आहे का?’ असे विचारले. मी वीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवते आहे आणि वर्गाच्या मागच्या बाकावर बसून खेळाचा तास चुकवणारी मुले मला जवळून माहीत आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिल्या कारणातला ‘तासभर’ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतून आलेला दिसतो. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे त्यांत म्हटले आहे. संदेश लिहिणाऱ्याने त्यातला ‘सरासरी’ गाळला आणि ‘सलग’ हा शब्द पदरचा घातला. अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे आणि थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे, हे त्याच तत्त्वांत स्पष्ट लिहिलेले आहे, ते मात्र संदेशात नाही. याच संघटनेच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलांची हालचाल अपुरी होती. अशा मुलापुढे ‘तासभर, नाहीतर काहीच नको’ असा पर्याय ठेवला, तर ते काहीच करणार नाही, हे उघड आहे. आपण जिममध्ये वाकतो आहोत की बैठकीच्या खोलीत, हे मांडीच्या स्नायूला कळत नाही. त्याच्यावर भार किती आला, एवढेच त्याला कळते. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना दोनदा चढणे, पलंगाच्या कडेवर बसून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, सूर्यनमस्कार घालणे, यांपैकी कशालाही मैदान किंवा जिम लागत नाही.

उंची खुंटण्याची भीती जुनी आहे आणि ती काळजीपोटीच बाळगली जाते, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात, तेथून हाडे वाढतात आणि वय वाढल्यावर ते थर हाडात रूपांतरित होतात. उंची ठरते ती प्रामुख्याने आनुवंशिकता, पोषण, संप्रेरके आणि दीर्घ आजार यांवरून. धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तरीही धावल्याने उंची खुंटते असे कोणी म्हणत नाही. मग स्वतःच्याच वजनाच्या बैठकांनी ती कशी खुंटेल? योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढीला बाधा येत नाही, अशीच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचीही भूमिका आहे. खरा धोका वेगळा आहे: मोबाइलवर पाहून, कोणी शिकवलेले नसताना, पेलेल तेवढे जास्तीत जास्त वजन उचलून पाहणे. त्याला माझाही विरोध आहे. उलट बाजूने, ‘लोंबकळ, उंची वाढेल’ असे आमिषही पालकांनी दाखवू नये. सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण अपेक्षेइतकी सरकलेली दिसली नाही, की मूल व्यायामही सोडते आणि आपल्यावरचा विश्वासही.

गर्भाशय सरकण्याच्या गोष्टीला कोणताही आधार नाही. गर्भाशय अस्थिबंधांनी आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी धरलेले असते, उड्यांनी ते जागा सोडत नाही. पाळीच्या दिवसांत फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, पण हलक्या हालचालीने अनेक मुलींचे दुखणे कमी होते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात अपुरी हालचाल असणाऱ्या मुलींचे प्रमाण ८५ टक्के, तर मुलग्यांचे ७८ टक्के होते. हे अंतर असल्या संदेशांनी वाढेल, याचा मला मनापासून राग येतो. मात्र दहा उड्यांतच मुलीला धाप लागत असेल, चेहरा फिका दिसत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली दप्तरातच ठेवतात. ती जेवणानंतर घेतली जाते की नाही, एवढे घरी पाहिले तरी पुष्कळ होईल.

उन्हाळ्याबाबत संदेश अर्धा बरोबर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या दिवसांत दुपारी मुलांना मैदानावर पाठवणे अविचाराचे आहे, पण घरच्या व्यायामाच्या बाजूने याहून चांगले कारण कोणते? पहाटे सहाच्या आत खोलीत कूलर लावून वीस मिनिटे सहज मिळतात. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही आणि अंग तापते. खिडकी उघडी ठेवावी, पाणी जवळ असावे आणि गरगरले की लगेच थांबावे.

धाकाच्या मुद्द्यावर मात्र मी एका मुलाविषयी सांगते. मनीषनगरकडे राहणारा हा नववीतला मुलगा खेळाच्या तासाला रोज पोट दुखते म्हणायचा. एकदा सगळे गेल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, मी धावलो की सगळे माझ्याकडंच पाहून राहतात.’ घरी वडील रोज शेजारच्या मुलाचे उदाहरण देत आणि मोबाइल काढून घेत. त्यामुळे व्यायाम ही त्याच्या लेखी शिक्षाच झाली होती. मी त्याच्या आईला तीनच गोष्टी सुचवल्या: वजनाचा विषय घरात काढायचा नाही, कोणता व्यायाम आणि किती वाजता, हे त्याने ठरवायचे, आणि तो करील तेव्हा घरातल्या कोणीतरी सोबत करायचे, समोर बसून पाहायचे नाही. त्याने रात्री साडेआठची वेळ आणि भिंतीवरचे जोर निवडले. पहिल्या दिवशी सहा झाले. सोबतीला आजी होती. ती खुर्चीतून उठून पुन्हा बसे आणि मोठ्याने आकडे मोजी. कॅलेंडरवर तो पेनाने आकडा लिहीत असे. मधले आठ दिवस चौकोन रिकामे राहिले, पण त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, आणि नवव्या दिवशी तो आपणहून उभा राहिला.

तीन महिन्यांनी त्याने ते कॅलेंडर मला आणून दाखवले. शेवटच्या पानावर जोर भिंतीवरून पलंगाच्या कडेवर आले होते आणि त्याच्या आकड्याखाली वेगळ्या शाईने आजीच्या उठबशांचा आकडा होता: २०.