परवान्याचा पैसा आणि हरणांचा हिशेब

रानडुकरांनी किंवा रोह्यांनी शेत उद्ध्वस्त केल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अमेरिकेत राज्यांची वन्यजीव खाती शिकाऱ्यांच्या पैशावर चालतात, म्हणून शिकारी आणि खाते गुण्यागोविंदाने नांदतात, जनावरेही वाढतात; तेव्हा आपणही परवाने विकावेत आणि शिकार खुली करावी, असा त्याचा आशय असतो.

पैशाबाबत त्यात तथ्य आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा अबकारी कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला आणि त्या कायद्याला शिकारी संघटनांचा पाठिंबा होता, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र १९७० पासून पिस्तुलांवरचा १० टक्के करही याच निधीत येतो, आणि स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारा प्रत्येक जण काही हरणामागे जात नाही. मिझुरीत तर १९७६ साली मतदारांनी संवर्धनासाठी विक्रीकराचा एक अष्टमांश टक्का स्वतःवर लादून घेतला. तो शिकार न करणाराही भरतो.

गुण्यागोविंदाची गोष्ट मात्र पेनसिल्व्हेनियात टिकत नाही, आणि तेथील गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, राज्याच्या सर्वसाधारण करांतून पैसा मिळत नसल्याने हा दावा तपासायला याहून योग्य जागा नाही. हरणे इतकी माजली होती की जंगलातली कोवळी रोपे उगवताच खाल्ली जात आणि नवे झाड उभेच राहत नसे. कमिशनचे जीवशास्त्रज्ञ गॅरी ऑल्ट यांनी माद्यांची शिकार वाढवण्याचा आग्रह धरला आणि २००२ पासून शिंगांना ठरावीक टोके नसलेल्या कोवळ्या नरांना मारण्यावर निर्बंध आणले. परवाना काढणाऱ्याला मात्र हंगामात रानभर हरणे दिसायला हवी होती. जंगलाची तब्येत हा त्याचा विषय नव्हता. काही शिकारी संघटना न्यायालयात गेल्या, ऑल्ट यांना सभांना गोळीरोधक जाकीट घालून जावे लागले आणि २००४ अखेर त्यांनी पद सोडले. ज्याच्या शुल्कावर पगार होतो त्याला नको असलेले सत्य सांगणे किती महाग पडते, ते येथे दिसते. शिवाय परवान्याचे दर अनेक वर्षे विधिमंडळच ठरवत असल्यामुळे शिकाऱ्यांची नाराजी थेट कमिशनच्या तिजोरीपर्यंत पोचत असे.

विस्कॉन्सिनमध्ये २०२१ साली याहून विचित्र घडले. लांडग्यांचा हंगाम नोव्हेंबरात घ्यावा असे खात्याचे म्हणणे होते; शिकाऱ्यांच्या बाजूच्या एका संघटनेने दावा लावून तो फेब्रुवारीतच घ्यायला लावला. परवानाधारकांसाठी मर्यादा ११९ ची होती आणि तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले.

जनावरे वाढली, हे खरे. पण त्याआधी बाजारासाठी होणारी शिकार मोडून काढावी लागली. बेकायदा मारलेल्या जनावरांची राज्याबाहेर ने-आण रोखणारा लेसी कायदा १९०० चा, म्हणजे शिकारीच्या त्या करनिधीहून ३७ वर्षे आधीचा आहे.

राहिली आपली बाब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकांना घातक ठरलेल्या जनावरांपैकी बऱ्याच प्रजातींना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आधीच आहे. ती परवानगी वेळेत मिळावी आणि नुकसानभरपाई रखडू नये, ही शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे. तिचे उत्तर परवाना विक्रीत नाही. अमेरिकेतला शिकारी शुल्क भरतो, कारण मारलेले हरीण तो घरी नेतो आणि वर्षभर खातो. आपल्याकडे कलम ११ खाली मारलेले जनावर कलम ३९ नुसार राज्य सरकारची मालमत्ता ठरते, मग परवान्यासाठी पैसे कोण आणि कशासाठी मोजणार, हे त्या मजकुरात कुठेच लिहिलेले नसते.