लाल शाई न लागलेलं पान

बारा गुणांचं उत्तर होतं ते. प्रकाशाच्या अपवर्तनावरचं, दोन आकृत्यांसकट. मुख्य उत्तरपत्रिका भरली म्हणून मी पुरवणी घेतली होती आणि हे उत्तर पुरवणीतच होतं. पेपर हातात आला तेव्हा आधीच्या प्रत्येक पानावर बरोबरच्या खुणा होत्या, समासात गुण होते. पुरवणीवर मात्र लाल शाईचा एक ठिपकासुद्धा नव्हता. पहिल्या पानावरच्या तक्त्यात पाचव्या प्रश्नासमोर नुसती आडवी रेघ.

मी बाईंकडे गेले. त्यांनी पुरवणी उलटून पाहिली, जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, निकाल वर गेला. आता काही होत नाही." घरी बाबा म्हणाले, "जाऊ दे, शिक्षकांशी वाद घालू नये." त्या निकालावर पुढच्या वर्षीची तुकडी ठरणार होती. मला हवी ती मिळाली नाही.

आज मी स्वतः शिकवते, त्यामुळे अशा चुका कशा होतात ते चांगलं माहीत आहे. दोन पानं एकमेकांना चिकटतात. पुरवणीचा दोरा सुटतो. उपप्रश्नाचे गुण आत दिलेले असतात, पण तक्त्यात चढवायचे राहतात. यादीत एक ओळ सरकली की एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. रात्री उशिरापर्यंत गठ्ठा उपसणाऱ्या माणसाच्या हातून हे होणारच. म्हणून बाईंच्या चुकीचा राग कधीच गेला. "आता काही होत नाही" या वाक्याचा मात्र अजून गेलेला नाही. कारण तेव्हा करता येण्यासारखं होतं. एक पत्र लिहायचं होतं, आणि त्यात "माझ्याकडून तपासायचं राहिलं" एवढं कबूल करायचं होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून तसं झालं. संगणकावर गुण चढवताना एका मुलीच्या 68 चे 38 झाले. निकाल लागल्यावर दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात आली. हातातल्या पेपरची इतक्यांदा घडी घातलेली की घडीवर कागद विरला होता. म्हणाली, "मॅडम, माझंच काही चुकलं असेल, पण..."

त्या वाक्याने मला आतून हलवलं. चूक माझी, आणि माफी मागितल्यासारखं बोलत होती ती. मुलांना हे आपणच शिकवलेलं असतं. निकाल कमी लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "अभ्यास केला होतास ना?" पेपर पाहायचं कुणाला सुचत नाही. पोरगं चार दिवस जेवत नाही, आपण ढ आहोत असं धरून चालतं, आणि सगळ्याचं मूळ कुणाच्या तरी चुकलेल्या बेरजेत असतं.

एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. निबंधाला आठ द्यायचे की सहा, यावर दोन परीक्षकांचं एकमत होईलच असं नाही. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी 1912 मध्ये इंग्रजीचे तेच पेपर अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतले, तर एकाच पेपरला पन्नाशीपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत गुण पडले. पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर घेतला, तिथेही तफावत राहिली, उलट वाढलीच. म्हणजे मतभेद असतोच, आणि त्यावर भांडताना हाताशी पुरावा फारसा नसतो. पण न तपासलेलं पान, चुकलेली बेरीज, चुकीचा चढवलेला आकडा यांत मताचा प्रश्नच येत नाही. ते कुणालाही बोटाने दाखवता येतं.

म्हणून पालकांनो, आधी उत्तरपत्रिका मागा. रडारड, फोनाफोनी नंतर. मुलाला शेजारी बसवून पानं मोजा, समासातले गुण आणि तक्त्यातले गुण जुळवून पाहा. पेपरवर पेन लावू नका, आहे तसा त्याचा फोटो काढून ठेवा. अर्जात "फार कमी मार्क पडले" असं लिहून काही हाती लागत नाही. "पुरवणीच्या दुसऱ्या पानावरचं उत्तर तपासलेलं नाही" असं लिहा, आणि अर्जाची पोच घ्या. फेरमोजणी (दिलेल्या गुणांची पुन्हा बेरीज) आणि पुनर्मूल्यांकन (उत्तरं पुन्हा तपासणं) या वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्मूल्यांकनात काही ठिकाणी गुण कमीही होतात, तेव्हा नियम आधी वाचा. मुदत बहुतेक वेळा थोड्याच दिवसांची असते, आणि "बघू, विचारू" करण्यात ती निघून जाते.

आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, चूक चारचौघांत झाली असेल तर दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी. गुपचूप गुण वाढवून "कुणाला सांगू नकोस" म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. वर्गाने तिचे 38 ऐकलेले असतात.

मी त्या दिवशी कार्यालयात दुरुस्तीचं पत्र दिलं आणि दुसऱ्या तासाला वर्गात उभी राहिले. म्हटलं, "हिला 68 आहेत. आकडा मी चुकीचा चढवला. चूक माझी आहे." वर्ग एकदम शांत. पेपर तिच्या हातात दिला तर तिने तिथेच, माझ्यासमोर, पहिल्या पानापासून पुन्हा बेरीज करायला घेतली. ओठ हलवत, एकेका प्रश्नावर बोट ठेवून. तिची बेरीज पूर्ण होईपर्यंत मी थांबले, मगच फळ्याकडे वळले.