‘गूगल’चे क्रियापद झाले म्हणून इंग्रजी बिघडत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. नामाला क्रियापद करण्याची खोड मोबाइलवरच्या पिढीने इंग्रजीला लावली, त्याने व्याकरण मोडले, मराठी मात्र या दोषापासून मुक्त आहे आणि ब्रँडचे क्रियापद झाले की कंपनीचा नावावरचा हक्क जातो, असे त्यात ठासून सांगितले आहे. हेच वर्गातही सांगितले जाऊ लागले आहे, म्हणून मी, स्वतः इंग्रजीचा शिक्षक, हे लिहीत आहे.

खोड नवी नाही. ‘नोटीस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ यांच्या क्रियापदासारख्या वापराबद्दल बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांच्याकडे 1789 मध्येच पत्रातून नाराजी कळवली होती. ती क्रियापदे आज आपण निःशंकपणे शिकवतो.

व्याकरण मोडल्याचा आरोप अधिक गंभीर आहे आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. जुन्या इंग्रजीत प्रेम या अर्थाचे नाम ‘लुफु’ आणि क्रियापद ‘लुफियन’ असे वेगळे होते. पुढे शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे ‘लव्ह’ झाले. तेव्हापासून शब्द नाम आहे की क्रियापद, हे मुख्यतः वाक्यातल्या त्याच्या जागेवरून ठरते. म्हणजे ‘गूगल’ला क्रियापदाच्या जागी बसवणारा त्या भाषेचा नियमच पाळत असतो.

मराठीबद्दलचे विधान तर आपल्याच भाषेवर अन्याय करणारे आहे. डोळे पाणावतात, आंबा मोहोरतो, माणूस रागावतो. हातापासून हाताळणे झाले, लाथेपासून लाथाडणे झाले, आणि बाहेरून आलेल्या ‘खर्च’ला आपण खर्चणे करून घेतले. शाळेत यांनाच आपण नामसाधित धातू म्हणतो. फरक एवढाच, की मराठीला प्रत्यय लागतो, आणि नव्या ब्रँडला प्रत्यय पटकन चिकटत नसल्याने आपण त्याच्या मदतीला दुसरे क्रियापद देतो. चोपड्याचा विद्यार्थी यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी झेरॉक्सच काढतो, आणि दुकानदार पैसे फोनपे करायला सांगतो.

हक्काच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. ‘एस्कलेटर’ हे एका कंपनीच्या सरकत्या जिन्याचे ब्रँडनाव अमेरिकेत 1950 मध्ये सर्वसामान्य शब्द ठरले. परंतु ‘गूगल’विषयीच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले, की केवळ क्रियापद म्हणून वापर झाल्याने हक्क जात नाही, सगळ्याच शोधयंत्रांना लोक मुख्यतः ‘गूगल’ म्हणतात का, हे पाहावे लागते. ही कसोटी भारतातील न्यायालयाची नाही, पण ती लावून पाहिली, तर क्रियापद झालेल्या ‘गूगल’पेक्षा आपल्या शेतात नामच राहिलेल्या ‘जेसीबी’ची बाजू अधिक नाजूक ठरेल, कारण चारी खोदणारे यंत्र कोणाचेही असो, खानदेशातला शेतकरी त्याला जेसीबीच म्हणतो.