सिल्क स्मिता : सभ्य प्रेक्षकांसाठी मार्गदर्शन

दक्षिणेतल्या एखाद्या नटीवर मनापासून लट्टू व्हायचं आणि तरी चारचौघांत अब्रू शाबूत ठेवायची, हे येरागबाळ्याचं काम नोहे. त्याला रियाज लागतो. आपल्या आधीच्या पिढीने तो सिल्क स्मितावर केला आणि त्यात इतकं प्रावीण्य मिळवलं, की धडे गिरवायला दुसरीकडे जायची गरजच नाही.

सगळ्यात आधी, तिच्या पूर्वायुष्याची चौकशी करू नका. आंध्रात एलुरूकडची विजयालक्ष्मी, १९६० चा जन्म, चौथीनंतर सुटलेली शाळा, कोवळ्या वयात लावून दिलेलं लग्न, सासरचा जाच, मग पळून मद्रास, आणि तिथे दुसऱ्या नट्यांच्या चेहऱ्यावरचा घाम टिपून पावडर लावायचं टचअपचं काम. असल्या तपशिलाने रसभंग होतो. आपल्याला ‘सिल्क’ हवी. आता ते नावसुद्धा तिचं नव्हे. १९८० च्या ‘वंडिचक्करम’ या तमिळ चित्रपटात तिने दारूच्या गुत्त्यावरच्या बाईचं काम केलं, त्या पात्राचं ते नाव. पण पात्राचं नाव बाईला चिकटलं की फार सोय होते. पडद्यावरच्या बाईला जे म्हणायचं, ते घरी निघालेल्या बाईलाही म्हणता येतं. (पुरुषांना हा नियम लावू नये. खलनायक रंगवणाऱ्याबद्दल आपण आवर्जून सांगतोच, ‘प्रत्यक्षात देवमाणूस हो!’)

तुम्ही निर्माते असाल तर काम आणखी सोपं. चित्रपट डब्यात पडून आहे, वितरक फोन उचलत नाहीत, नायकाचं नाव ऐकून थिएटरवाला जांभई देतो. अशा वेळी सिल्कला बोलवा, एक गाणं चित्रित करा आणि जिथे फट दिसेल तिथे घुसवा. अशा गाण्याच्या जोरावर पडेल चित्रपट विकले गेल्याचे किस्से मद्रासच्या चित्रपटसृष्टीत आजही सांगितले जातात. कुणी विचारलं तर ‘कथेची मागणी होती’ म्हणा. कथेला विचारायला कोण जातंय? गल्ला जमला की श्रेय नायकाला आणि संस्कृती बुडाली की दोष तिला, एवढी वाटणी चोख ठेवा.

मराठी मंडळींसाठी खास स्वाध्याय म्हणजे ‘सदमा’. बालू महेंद्र यांनी १९८२ मध्ये ‘मून्ड्राम पिरै’ केला आणि पुढच्याच वर्षी त्याचा हा हिंदी अवतार. विषय निघाला की ‘सुरमई अंखियों में’ गुणगुणावं. शेवटचा रेल्वे स्टेशनचा प्रसंग आठवून, डोक्यावर भांडं ठेवून माकडचाळे करणारा कमल हासन आणि त्याला न ओळखणारी श्रीदेवी यांच्यासाठी आवंढा गिळावा. त्याच चित्रपटात म्हाताऱ्या हेडमास्तरांची तरुण बायको आहे, म्हणजे आपली सिल्क, संसारात कोमेजलेली, शाळेतल्या मास्तरवर जीव टाकणारी. ती काही केल्या आठवता कामा नये. ‘ओ बबुआ’ चुकून ओठांवर आलंच, तर लगेच ‘आशाताईंचा आवाज काय लागलाय!’ असं म्हणून मोकळं व्हावं. आशाताईंच्या पदराआड पुष्कळ काही झाकलं जातं. ते गाणं म्हणजे त्या बाईच्या मनातला कोंडमारा आहे, तिला जे मिळत नाही ते ती तिथे घेतेय, वगैरे विचार वर्ज्य. सज्ञान श्रीदेवीचं लहान मुलीसारखं वागणं हा अभिनय आणि सिल्कचं सज्ञान बाईसारखं वागणं हा चवचालपणा, हे एकदा पाठ केलं की गोंधळ होत नाही.

कधी कधी अशी बाई अंगभर साडी नेसून खरोखरच अभिनय करते. घाबरू नका. १९८१ मध्ये भारतीराजांच्या ‘अलैगळ ओय्वदिल्लै’मध्ये तिने नायिकेच्या वहिनीचं साधं काम केलं आणि समीक्षकांनी वाहवा केली. वाहवा करायला आपलीही हरकत नाही. पुढचा करार मात्र नाचाचाच करावा. सावित्री, सुजाता, सरिता यांच्यासारखी चरित्र अभिनेत्री व्हायचं होतं, असं ती मुलाखतीत सांगायची. अशी वाक्यं छापून आली की शेजारी भला मोठा फोटो द्यावा, म्हणजे वाक्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तिच्या वागण्यावरही बारीक नजर हवी. मोठे नट समोर असताना ती पायावर पाय टाकून बसते, असा त्या काळी बोभाटा झाला होता. बघा, केवढा हा उद्धटपणा! जिच्या मांड्या पाहायला तिकीट काढायचं, तिने त्या खुर्चीत कशा ठेवायच्या हेही आपणच ठरवायला नको का? तिने चावलेलं सफरचंद म्हणे लिलावात विकलं गेलं. खरंखोटं देव जाणे, पण किस्सा सांगणारे सगळे कसे कौतुकाने सांगतात. उष्टं चालतं, पंगतीला बसलेली चालत नाही.

साडेचारशेच्या वर चित्रपट करून २३ सप्टेंबर १९९६ रोजी मद्रासच्या राहत्या घरी तिने आयुष्य संपवलं, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. इथे आपण हळहळायचं आणि लगोलग ‘या लाइनमध्ये असंच व्हायचं’ असं म्हणायचं. लाइन कुठून सुरू होते, तिकीट खिडकीपाशी कोण उभं असतं, असले प्रश्न विचारू नयेत.

मग पंधरा वर्षं दम धरा. २ डिसेंबर २०११ ला, नेमका तिच्या वाढदिवशी, तिच्या आयुष्यावरून सुचलेला ‘द डर्टी पिक्चर’ हा हिंदी चित्रपट लागला. तिच्या घरच्यांनी हरकत घेतली, तर ही काही एकट्या सिल्कची कथा नव्हे, असं निर्मात्यांकडून सांगण्यात आलं. त्यातल्या कामासाठी विद्या बालनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिने काम झकासच केलंय, तिच्याशी आपलं भांडण नाही. पण गंमत पाहा. तेच डोळे, त्याच अदा, आणि आता सासूबाईंना घेऊन मल्टिप्लेक्सला जाता येतं, कारण हिला ‘धाडसी भूमिका’ म्हणतात. पुढे २०२३ च्या ‘मार्क अँटनी’ या तमिळ चित्रपटात सिल्कसारखी दिसणारी मुलगी शोधून आणली, तेव्हाही थिएटरात शिट्ट्या पडल्या. मूळ बाईपेक्षा तोतया बरी. ती पायावर पाय टाकून बसत नाही.

आता दर डिसेंबरात श्रद्धांजलीची पोस्ट टाकायची पद्धत आहे, तीही पाळा. ‘अन्याय झाला बिचारीवर’ एवढं लिहिलं की पुरे. फोटो मात्र जपून निवडा. ‘अलैगळ ओय्वदिल्लै’मधला साडीतला टाकाल तर कुणी ओळखणार नाही आणि लाइक्सही पडणार नाहीत.