कॅमेरा थोडा वेळ मिटला म्हणून वाट चुकत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अभियंता’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

कॅमेरा आणि हालचाल टिपणारे सेन्सर यांच्या आधारे स्वतःचे स्थान ओळखणाऱ्या उपकरणांची बॅटरी कशी वाचवावी, यावरच्या माझ्या लेखात मी असे सुचवले होते की, कॅमेरा सतत पूर्ण गतीने चालवू नये. तो गरजेपुरता जागा करावा आणि मधला काळ सेन्सरांवर सोपवावा. त्यावर आपण तावातावाने चार आक्षेप नोंदवले आहेत. पहिला आक्षेप आपल्याच शब्दांत असा : ‘कॅमेरा थांबला की उपकरण आपली जागा विसरते, हे कळायला प्रत्यक्ष काम करावे लागते, नागपुरात घरी बसून लेख पाडणाऱ्याला ते कळणार नाही.’

लेख ‘पाडणे’ हा शब्दप्रयोग मी सोडून देतो. परंतु नागपुरात राहणे हा तांत्रिक दोष कसा ठरतो, याचा खुलासा आपण केला असता तर बरे झाले असते. माझी उमेदवारी सीताबर्डीतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. तिथले मालक मीटर लावून पाहिल्याखेरीज कोणत्याही भागाला दोष देऊ देत नसत. पुढे बुटीबोरी आणि हिंगणा इथल्या औद्योगिक वसाहतींतील गोदामांमध्ये उपकरणे बसवण्यात आणि बिघडलेली सुधारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा मी प्रत्यक्ष काम केले आहे की नाही, हे ठरवण्याची तसदी आपण घेऊ नये.

आता मुद्दा. कॅमेरा थांबलेला असताना उपकरण आंधळे होत नाही. वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप हे दोन सेन्सर सेकंदाला शेकडो नोंदी घेत असतात आणि त्यांवरून वेग व अंतर काढता येते. अडचण एवढीच की, अ‍ॅक्सेलरोमीटरच्या मापनातली बारीकशी स्थिर चूकसुद्धा अंतर काढताना काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ही चूक ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी आहे. एका सेकंदानंतर तिच्यामुळे स्थानात अर्धा सेंटिमीटर फरक पडतो, दहा सेकंदांनंतर अर्धा मीटर आणि एका मिनिटानंतर १८ मीटर. जायरोस्कोपच्या चुकीमुळे उपकरणाचा कल चुकीचा धरला गेला, तर गुरुत्वाकर्षणाचा अंश हालचालीत मिसळतो आणि फरक याहूनही झपाट्याने वाढतो. म्हणूनच मी सेकंदाला ३० फ्रेमऐवजी (म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांऐवजी) गरजेप्रमाणे ५ फ्रेम घ्या असे लिहिले होते, म्हणजे दोन फ्रेममध्ये सेकंदाचा पाचवा भाग अंतर. तेवढ्या वेळात उपकरण जागा विसरते असे म्हणायचे असेल, तर वरचे गणित आपण कृपया पुन्हा करून पाहावे. हातयंत्र, म्हणजे हातात धरून वापरायचे असे उपकरण, टेबलावर ठेवलेले असेल तर हा प्रश्नही उरत नाही. सेन्सर स्तब्धता ओळखतात, वेग शून्य धरला जातो आणि कॅमेरा खुशाल झोपू शकतो.

गोदामात खरी पंचाईत होते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि आपल्या प्रतिक्रियेत तिचा मागमूसही नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असतो, माल उतरवायच्या फलाटावर डोळे दिपवणारे ऊन असते आणि गोदामाच्या दाराआत पाऊल टाकताच काळोख. त्या उंबरठ्यावर कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, जुळेपर्यंतच्या फ्रेम एकतर पांढऱ्याफटक किंवा काळ्याकुट्ट येतात. आत अंधारामुळे कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे राहते आणि चालत्या हातातली चित्रे पुसट होतात. त्यातच सगळ्या रॅकच्या रांगा सारख्या दिसतात, त्यामुळे तिसऱ्या रांगेतले उपकरण स्वतःला पाचव्या रांगेत समजू लागते. ही फसगत कॅमेरा पूर्ण गतीने चालू असतानाच होते. अशा वेळी स्थान नव्याने शोधण्यासाठी साठवलेल्या नकाशाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागते आणि प्रोसेसर तापतो. उन्हात आधीच तापलेल्या उपकरणाला ते सोसत नाही. ते स्वतःच आपली गती उतरवते. उंबरठ्यावर फ्रेम वाढवा आणि सरळ मार्गिकेत कमी करा, असे मी लिहिले होते ते याच अनुभवावरून. आपण लेखाचा तो भाग वाचलेला दिसत नाही. असो.

न्यायबुद्धीने एक गोष्ट मात्र मान्य करतो. मूळ लेखात मी दोन्ही सेन्सरांचा उल्लेख एकत्र केला, तो वेगवेगळा केला असता तर अधिक स्पष्टता आली असती. जायरोस्कोपला आतले सूक्ष्म वस्तुमान सतत कंपित ठेवावे लागते, म्हणून तो अ‍ॅक्सेलरोमीटरपेक्षा बरीच जास्त वीज घेतो. त्याने लेखाच्या निष्कर्षात तसूभरही फरक पडत नाही.

‘खरा खादाड प्रोसेसर आहे, कॅमेरा नव्हे’ या आपल्या दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगतो की, प्रोसेसरला काम पुरवतो तो कॅमेराच. फ्रेम कमी केल्या की दोघांचीही भूक कमी होते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील व्हिव्हियन झी आणि सर्ताच करमन यांच्या गटाने २०१८ मध्ये स्थान ओळखण्याच्या याच कामासाठी ‘नॅव्हिऑन’ नावाची खास चिप सादर केली. ती सरासरी २४ मिलिवॅटवर चालते, कारण सगळी माहिती चिपमध्येच ठेवून बाहेरच्या मेमरीकडच्या खेपा तिने टाळल्या. हे उदाहरण आपल्या बाजूचे वाटत असेल तर खुशाल घ्यावे. मात्र, गोदामातल्या हमालाच्या हातात ती चिप नसून साधे हातयंत्र असते आणि त्यात बदलता येण्यासारखी गोष्ट म्हणजे फ्रेमची गती. कॅमेरा पुन्हा जागा करण्याचा खर्च आणि लेखाची लांबी, हे आपले उरलेले दोन आक्षेप तपशिलात जाण्याच्या योग्यतेचे मला वाटले नाहीत.

तरीही समाधान होत नसेल, तर एक उपकरण घ्यावे, बॅटरीच्या वाटेत मीटर जोडावा, आधी ३० आणि मग ५ फ्रेमवर तीच मार्गिका चालून यावी आणि दोन्ही वेळचे आकडे इथे मांडावेत. ते येईपर्यंत फ्रेम कमी करण्याचा सल्ला देणारा मूळ लेखातला परिच्छेद मी आहे तसाच ठेवत आहे.