निवारा गडावर नको, पायथ्याशी हवा

राजगड-तोरणा या किल्ल्यांमधल्या वाटेवर डोंगरभटक्यांसाठी युरोपातल्यासारखे मुक्कामाचे निवारे उभारावेत, ही एका लेखात वाचलेली सूचना तळमळीने केलेली आहे. परंतु ते गडावर किंवा डोंगरधारेवर उभारण्यास माझा विरोध आहे. नॉर्वेमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेच्या अनेक निवाऱ्यांत कोणी रखवालदार नसतो. येणारा स्वतः चूल पेटवतो, फडताळातील शिधा वापरतो, वहीत नोंद करून पैसे भरतो आणि निघताना झाडलोट करून पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवतो. मला हेवा वाटतो तो या शिस्तीचा, इमारतींचा नव्हे.

आपल्याकडे राजगडावरील पद्मावतीच्या आणि तोरण्यावरील मेंगाईच्या देवळाने पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंना छप्पर दिले, आणि त्या बदल्यात आपण तिथे चुलीची काजळी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि गढूळलेली टाकी मागे ठेवली. राजगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे; तिथे सिमेंटची एक भिंतही वाढू नये.

निवारा हवा तो गुंजवणे, पाली, वेल्हे या पायथ्याच्या गावांत. गावकऱ्यांच्या घरी पिठलं-भाकरी आणि पडवीत अंथरूण मिळाले, तर पैसा गावातच राहील. पुण्याहून ताम्हिणी किंवा वरंध घाटाने कोकणात उतरणाऱ्या सायकलस्वारांचीही गरज साधीच असते: पावसात टेकायला छप्पर, पिण्याचे पाणी, हवा भरायचा पंप आणि, विशेषतः महिलांसाठी, स्वच्छ शौचालय. घाटमाथ्यावरील ग्रामपंचायतींनी एवढी सोय करून त्यासाठी वाजवी शुल्क घेतले, तर आम्ही सायकलस्वार ते आनंदाने देऊ.