ड्युटीवर जीव गेला म्हणजे पोरांचं कॉलेज फुकट?

गेल्या महिन्यात गावच्या ग्रुपवर ड्युटीवर बाप गमावलेल्या एका पोरीच्या कॉलेजसाठी वर्गणीचा मेसेज टाकला. तासाभरात त्याखाली ते जुनं फॉरवर्ड येऊन पडलं. त्याचा सारांश असा: पोलीस, वनरक्षक, फायरवाले, अँब्युलन्सवाले, कोणीही ड्युटीवर असताना वारला की त्याच्या पोरांचं कॉलेज सरकार फुकट करते, वर महिन्याला पैसे देते, सीटही राखीव असते. तेव्हा अशा घरांसाठी कोणी वर्गणी मागितली तर देऊ नका. शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-नागभीड पट्ट्यात माझं सेतू केंद्र आहे. हे फॉर्म माझ्याच काउंटरवर भरले जातात, म्हणून उत्तर देतो.

पहिली खोट ‘कोणीही’ या शब्दात आहे. फौजींच्या बाबतीत फॉरवर्ड बरंचसं खरं आहे. कारवाईत कामी आलेल्या सैनिकांच्या मुलांचं शिक्षण शुल्क 1971 च्या युद्धानंतर केंद्र सरकार भरत आलं. 2017 मध्ये त्यावर महिन्याला 10,000 रुपयांची मर्यादा आली, ओरड झाली, 2018 मध्ये ती निघाली. राखीव सीटचंही तेच. आपल्याकडच्या कॅप राउंडमध्ये (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) संरक्षण दलाचा 5 टक्के कोटा असतो, तो फौजींच्या पोरांचा. लिहिणाऱ्याने एवढंच कुठे वाचलं असावं आणि सगळ्या वर्द्यांना एकच माप लावलं.

पोलिसांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. आधी ती माजी सैनिक, केंद्रीय दलं आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या घरांपुरती होती. 31 मे 2019 ला राज्य पोलिसांचा समावेश झाला, तोही दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात शहीद झालेल्यांच्याच मुलांसाठी, आणि अख्ख्या देशात वर्षाला 500 नव्या शिष्यवृत्त्या. बंदोबस्तावर झटका येऊन गेलेला हवालदार यात नाही. रात्रगस्तीवर ट्रकखाली आलेला शिपाई नाही. त्याच महिन्यात, 1 मे ला, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला नक्षल्यांचा स्फोट झाला होता. त्यात 15 पोलीस गेले आणि त्यांच्यासोबत खाजगी गाडीचा चालकही गेला. स्फोट एक, गाडी एक. पण पोलिसांसाठीच्या या योजनेत खाजगी चालकाची मुलं बसत नाहीत.

वनरक्षकाचं काय? 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. ती ड्युटीवर नव्हती असं कोण म्हणेल? तरी पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या लेखी वाघ नक्षलवादी नाही. (कडू विनोद आहे, माफ करा. पण नियम असाच वाचावा लागतो.)

आता ‘महिन्याला पैसे’. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलाला 2,500, मुलीला 3,000. म्हणजे वर्षाचे 30 आणि 36 हजार, तेही वर्षातून एकदाच खात्यात येतात. बारावीला 60 टक्के हवेत आणि अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. तालुक्याच्या कॉलेजात बीए करणाऱ्या पोरीला यातलं काही नाही. नागपुरात मेसचा डबाच महिन्याला तीन हजार खातो.

ज्या पोरीसाठी वर्गणी होती, तिचा बाप 108 अँब्युलन्सचा ड्रायव्हर. रात्री पेशंट सोडून परत येताना गाडी उभ्या ट्रकवर गेली. 108 ची सेवा सरकारची म्हणून 2014 पासून आपण ओळखतो, पण माणसं कंपनीची. अनुकंपा वगैरे सरकारी नोकरांच्या गोष्टी तिथे लागू नाहीत. पीएफ मात्र असतो. त्याच्या पेन्शनमध्ये मुलांचाही वाटा असतो, पंचवीस वर्षं वयापर्यंत, एका वेळी दोघांना. किमान किती? महिन्याला 250 रुपये. तिची माय आली तेव्हा मी आकडा दोनदा सांगितला, कारण तिला वाटलं मी एक शून्य गाळलं. मग म्हणाली, “भाऊ, सरकार देते म्हणतेत ना? मंग मी कोणाच्या दारात जाऊ?”

पीएफसोबत विमा असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. 2.5 ते 7 लाखांपर्यंत मिळू शकतात, 5-आयएफ नावाचा फॉर्म आहे. कॉलेज फी म्हणून हा पैसा येत नाही, पण अशा घरात पोरीचं शिक्षण त्यातूनच होतं. फॉरवर्डात याचा उल्लेख नाही.

“मुलींना फी माफ झाली ना, मग पैसे कशाला?” असंही एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. 2024 च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधून झाला असेल तर. ही पोरगी बीएस्सी नर्सिंगला लागली ती कॅपमधूनच. पण ही माफी तिला बाप गेला म्हणून मिळाली नाही. तो जिवंत असता तरी मिळाली असती. आणि वसतिगृह, मेस, गणवेश, क्लिनिकलला जायचं बसभाडं यात येत नाही. वरून कॉलेजने “शिष्यवृत्ती येईपर्यंत हमी म्हणून” पुढच्या तारखेचा चेक मागितला. तसा घेता येत नाही हे सांगायला मी स्वतः गेलो, तेव्हा कुठे क्लार्कने रजिस्टर बंद केलं.

उलट बाजूचं फॉरवर्डही फिरतं: या लोकांना काहीच मिळत नाही. तेही खोटं, आणि त्याचा तोटा वेगळा. असं ऐकून लोक फॉर्मच भरत नाहीत, महाडीबीटीची (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलची) तारीख निघून जाते आणि मग डिसेंबरात माझ्याकडे येतात.

वर्गणी 38 हजारांची मागितली होती, आजवर 21,500 जमली. फॉरवर्ड आलं त्या दिवशी एक पैसा आला नाही.

5-आयएफ आम्ही परवा भरला. पीएफच्या जुन्या कागदावर नामांकन बापाने लग्नाआधी केलेलं होतं, स्वतःच्या आईच्या नावाने. लग्न झालं की ते नामांकन रद्द होतं, हे म्हातारीला आणि सुनेला समोरासमोर बसवून सांगताना अर्धा तास गेला. म्हातारी शेवटी एवढंच म्हणाली, “पोरीच्या नावानं टाका न बाप्पा, माह्या काय कामाचे?” फॉर्मवर सुनेची सही हवी होती. ती घेतली. मृत्यूच्या दाखल्यावर नावात एक काना कमी आहे, तेवढं दुरुस्त करून आणायला सोमवारी ग्रामपंचायतीत जायचं आहे.